प्रोसेसर स्वस्त, मेमरी महाग

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटर्सकडून मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे दर भडकले. त्याची झळ गेमिंगसाठी संगणक जुळवून घेणाऱ्या सामान्य ग्राहकालाही बसली. अशा वेळी केवळ प्रोसेसरची किंमत पाहणे फसवे ठरते. 'एएमडी'चा २०२२ मधील सहा कोअरचा 'रायझन ५ ५६००' डीडीआर-४ मेमरीवर चालतो. २०२४ मधील 'रायझन ५ ९६००एक्स'ला डीडीआर-५ मेमरी आणि नवा मदरबोर्ड लागतो. ज्यांच्याकडे जुनी डीडीआर-४ मेमरी आहे, त्यांना पहिला पर्याय परवडणारा आहे. बहुतेक खेळांचा वेग ग्राफिक्स कार्डावर अवलंबून असल्याने वाचलेले पैसे तेथे खर्च करणे अधिक योग्य. मात्र जुन्या 'एएम-४' मदरबोर्डवर पुढील पिढीचे प्रोसेसर बसत नाहीत, हेही ग्राहकाने लक्षात घ्यायला हवे.