वस्त्र कोणाच्या आज्ञेने ल्यावे?

नवदीक्षित बौद्ध बंधुभगिनींनो,

सांप्रत आपल्या देशात एका उपदेशाचा मोठा गाजावाजा चालू आहे. हातमागावर विणलेले व हाताने रंगविलेले देशी कापड केवळ सणासुदीस नव्हे तर रोजच्या व्यवहारात वापरावे, कचेरीत, बाजारात व प्रवासात तेच अंगावर असावे, 'आपल्या परंपरे'चा खरा मान त्यातच आहे, असे सुशिक्षित लोक एकमेकांस सांगत असतात. हा उपदेश आता आपल्या उंबऱ्याच्या आतही आला आहे. कॉलेजात शिकणारी नात हातमागाचे नऊवारी लुगडे नेसून बाहेर निघते आणि आजी तिला दारातच अडविते. "बाई, जे सोडता सोडता आमचा जन्म गेला, तेच तू पुन्हा कशापायी गुंडाळतीस?" असे ती विचारते. नात म्हणते, "आजी, हल्ली हे सगळेच नेसतात."

या दोघींत चूक कोणाची? आमचे उत्तर असे की, आजीची भीती खरी आहे, नातीची हौसही निर्दोष आहे. परंतु 'सगळेच नेसतात' हे नातीचे कारण मात्र लंगडे आहे. बौद्ध मनुष्याने कोणतीही गोष्ट सगळे करतात म्हणून करू नये आणि सगळ्यांनी टाकली म्हणून टाकूही नये. म्हणून या वस्त्राच्या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे अवश्य आहे.

ज्या परंपरेचा आज उदोउदो चालला आहे, तिने आपल्या पूर्वजांस कोणते वस्त्र दिले होते? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातील ५२ वा श्लोक उघडून पाहावा. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांतून जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत, अशी आज्ञा तेथे आहे. हे केवळ पोथीतच राहिले असे कोणी समजू नये. लुगड्याचा काठ निऱ्यांत लपवूनच महार स्त्रीने नेसले पाहिजे, तो दिसला तर वरिष्ठ जातींचा अपमान होतो, अशी रीत होती, हे बेबीताई कांबळे यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेविले आहे. विचार करा, विकत घेतलेल्या लुगड्याचा काठदेखील तिच्या मालकीचा नव्हता! त्रावणकोर संस्थानात नाडार स्त्रियांना छाती झाकण्याचा हक्क मिळविण्यासाठी कित्येक वर्षे झगडावे लागले आणि १८५९ साली राजाज्ञा निघाली तेव्हा तो मान्य झाला. या देशात वस्त्र हे थंडीवाऱ्यापासून रक्षण करणारे साधन तर होतेच, परंतु त्याहूनही अधिक ते जातीची पाटी होते. मनुष्य दुरून येताना दिसला की त्याच्या पेहरावावरून त्याची जात वाचता यावी, हाच त्या व्यवस्थेचा हेतू होता.

ही पाटी उतरविण्याचे काम पूज्य बाबासाहेबांनी महाडास केले. १९२७ सालच्या डिसेंबरात मनुस्मृतीचे दहन झाले आणि त्याच परिषदेच्या वेळी त्यांनी जमलेल्या भगिनींस उपदेश केला. वरिष्ठ जातींच्या स्त्रिया नेसतात त्या पद्धतीने लुगडे नेसा, अस्पृश्यतेची खूण सांगणारे ते जड दागिने टाका, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, आणि तुम्ही काय ल्यावे यावर बंधन घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा त्याचा आशय होता. भगिनींनी तो उपदेश घरी नेऊन विचारात घालविला नाही. महाडातच त्यांनी नेसण्याची पद्धत बदलली. पोथी जाळणे आणि निऱ्या पायघोळ सोडणे ही दोन वेगळी कामे नव्हती. एकाच युद्धाच्या त्या दोन आघाड्या होत्या.

आता या पार्श्वभूमीवर साधेपणाच्या उपदेशकांकडे वळू. गांधीजींनी १९२१ साली मदुराईस आपला पोशाख टाकून आखूड पंचा स्वीकारला आणि देशभर त्याचे कौतुक झाले. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस येथे वाद घालावयाचा नाही. परंतु ज्याच्या पेटीत चांगली वस्त्रे आहेत त्याने ती टाकणे हा त्याग होय. ज्याला चांगले वस्त्र अंगावर घालण्याची बंदीच होती, त्याला तोच साधेपणा शिकविणे म्हणजे जुन्या बंदीवर सद्गुणाची मोहोर उठविणे होय. भुकेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखेच हे नाही काय?

कोणी म्हणेल, तथागतांनीही भिक्खूंना टाकलेल्या चिंध्यांचे चीवर सांगितले होते, मग तुम्ही चिंध्यांची लाज का धरता? या आक्षेपाचे उत्तर विनयपिटकातच आहे. स्मशानातील व उकिरड्यावरील चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून केलेले पांसुकूल चीवर भिक्खू स्वेच्छेने धारण करीत असत. पुढे वैद्य जीवकाने उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा भगवंतांनी ते स्वीकारले आणि गृहस्थांनी दिलेली चीवरे घेण्याची भिक्खूंना मोकळीक दिली. देवदत्ताला हे रुचले नाही. भिक्खूंनी आयुष्यभर चिंध्यांचेच चीवर वापरावे असा कडक नियम करा, अशी मागणी त्याने इतर चार मागण्यांसह केली. तथागतांनी ती साफ नाकारली. ज्याला पांसुकूल हवे त्याने ते घ्यावे, ज्याला गृहस्थाने दिलेले चीवर घ्यावयाचे असेल त्याने ते घ्यावे, असा त्यांचा निर्णय होता. मनूने मृताचे वस्त्र सक्तीने अंगावर टाकले. तथागतांनी तेच वस्त्र निवडीवर सोडले. कापड एकच, परंतु एकात दास्य आहे आणि दुसऱ्यात स्वातंत्र्य आहे. वस्त्राविषयी बौद्धांचा सिद्धान्त यात संपूर्ण आला.

दुसरा पक्ष आपल्याच घरातला आहे. आमचे काही तरुण बंधू म्हणतात की, बाबासाहेबांनी सूट-बूट घातला, म्हणून हातमाग, धोतर, लुगडे ही सर्व गुलामीची लक्षणे होत. त्यांच्या अभिमानाचा आम्हांला आदर आहे, परंतु त्यांचा निष्कर्ष अपुरा आहे. गोलमेज परिषदेत सूट घालणारे बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर शुभ्र रेशमी धोतर व पांढरा कोट घालून उभे होते. समोरचा लाखोंचा समाजही पांढऱ्या वस्त्रांत होता. पाली ग्रंथांत बौद्ध गृहस्थाला 'ओदातवसन', म्हणजे शुभ्रवस्त्रधारी, असेच म्हटले आहे. ज्या समाजात पांढरे लुगडे हे वैधव्याचे चिन्ह मानले जाई, त्याच समाजात आमच्या सौभाग्यवती माताभगिनी पांढरे लुगडे नेसून दीक्षा घेण्यास आल्या, ही केवढी क्रांती! तेव्हा बाबासाहेबांची शिकवण सूट ही नव्हे आणि धोतर हीही नव्हे. त्या त्या प्रसंगी आपले वस्त्र आपण ठरवावे, ही त्यांची शिकवण होय.

शिवाय हातमागाचा तिरस्कार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, तो माग आपलाही आहे. बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले, त्या बुद्ध, कबीर व फुले यांपैकी कबीर विणकर होते. विदर्भातील कितीतरी महार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडेभरडे कापड विणीत आली. त्यांच्या हाताने विणलेले कापड गावाने वापरले, पण त्यांचा स्पर्श मात्र गावाला चालला नाही. पुढे मुंबईत गिरण्या निघाल्या तेव्हा तर अन्यायाची कमाल झाली. धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्हांस चालणार नाही, असे सवर्ण कामगार म्हणत, आणि अधिक मजुरीच्या विणाई खात्यात आमच्या माणसास प्रवेश मिळत नसे. १९२८ सालच्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उभा केला होता. अशा रीतीने विणण्याची कला असणारा विणण्यास अपात्र ठरला आणि विणलेले वस्त्र ल्यावयासही अपात्र ठरला. आज त्याच कलेला 'भारतीय परंपरा' असे नाव देऊन मोठ्या शहरांतील दुकानांत मांडले जाते. त्या नावात आपल्या पूर्वजांच्या श्रमाचा उल्लेख तरी असतो काय? आपण माग टाकून दिला तर ही चोरी कायमची पचेल. म्हणून आम्ही म्हणतो, हातमागाचे वस्त्र टाकू नका. त्यावरील आपला हक्क सांगूनच ते ल्या.

परंतु केवळ लेऊन भागणार नाही. विणणाऱ्याची स्थिती काय आहे हेही पाहिले पाहिजे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात हातमागावर काम करणारे ३५ लाखांहून अधिक लोक आहेत व त्यांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. या कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहूनही कमी होते. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा हा आकडा मोठ्याने वाचावा. साडीची किंमत हजारांत आणि विणणारणीचे घर कर्जात, ही परंपरा कोणाची? विणकराला पुरेसा मोबदला न देता त्याच्या कलेचा गौरव करणे हा ढोंगीपणा होय. आपल्या कुटुंबांनी घेता येईल तेव्हा विणकराकडून किंवा विणकरांच्या सहकारी संस्थेतून घ्यावे, हातमागाचे चिन्ह पाहून घ्यावे, यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून गळ्यात मारणाऱ्यापासून सावध राहावे. मात्र कर्ज काढून पैठणी घेऊ नये. सावकाराच्या वहीत नाव घालून मिळविलेला मान हा मान नव्हे. आणि गटारात उतरणाऱ्या आपल्या बांधवापुढे देशी वस्त्राचे व्याख्यान कोणी देऊ नये. त्याला २०१३ च्या कायद्याप्रमाणे त्या घाणेरड्या व जीवघेण्या कामातून मुक्तता हवी आहे.

आता शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्यापैकी पुष्कळ लोक चांगले वस्त्र पेटीत जपून ठेवितात व ते १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला किंवा दीक्षाभूमीच्या यात्रेलाच बाहेर काढतात. दहा हजारांच्या मेळाव्यात नवे वस्त्र घालण्यास धैर्य लागत नाही. धैर्य लागते ते साध्या मंगळवारी, आपल्याच गावच्या पारावरून, एकट्याने जाताना. गुजरातेतील बनासकांठा जिल्ह्यात २०२३ साली चांगले कपडे व काळा चष्मा घातला म्हणून एका दलित तरुणास मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. म्हणजे निऱ्यांत काठ लपविण्याचा हुकूम देणारे मन अजून मेलेले नाही.

परंतु आता आपल्या हाती कायदा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला दागिने व उंची वस्त्रे वापरण्यास अडविणे हा १९५५ च्या कायद्याने गुन्हा आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली व जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, तीत अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास अटकाव करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरविला आहे. बंधूंनो, ज्या देशाच्या कायद्यात 'नवे कपडे' हे शब्द लिहावे लागले, त्या देशात कपडा ही क्षुल्लक बाब आहे असे कोण म्हणेल? ही कलमे प्रत्येक घरात माहीत असली पाहिजेत. अडविणारा भेटला तर मुकाट्याने घरी परतून कपडे बदलू नका. साक्षीदारांची नावे टिपून घ्या, चार माणसे बरोबर घेऊन ठाण्यावर जा आणि तक्रार लिहून द्या.

तेव्हा त्या आजीने नातीला अडवू नये आणि नातीनेही आजीला हसू नये. आजीने आपल्या लुगड्याचा काठ कसा लपवावा लागे ते नातीला सांगावे, आणि नातीने हातमागाचे लुगडे नेसावे, पातळ नेसावे किंवा पाटलोण घालावी. जे घालील ते स्वच्छ असावे, स्वतःच्या कमाईचे असावे आणि स्वतःच्या इच्छेचे असावे. लुगडे नेसलीच तर त्याचा काठ मात्र तिने बाहेर, सर्वांना दिसेल असा ठेवावा. 'हे का नेसलीस?' असे गावाने विचारले तर 'सगळेच नेसतात' हे उत्तर तिने देऊ नये. 'हे माझ्या माणसांनी विणले आहे आणि मी ते निवडले आहे,' असे सांगून तिने आपल्या वाटेने पुढे जावे.

जय भीम!