ताराबाईंची ९३ वर्षे

अकोल्याच्या जुन्या शहरातील विद्यार्थ्यांना शेजारचे बुलढाणा परके नाही. तेथील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या बालहत्येच्या खटल्यावरून साऱ्या स्त्रीजातीला दूषणे दिली जात होती. त्यांना हे सडेतोड उत्तर. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, तरी ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी तो पुन्हा छापला थेट १९७५ मध्ये!

तृतीयपंथीयांबाबत एवढा विलंब नको. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ज्या खटल्यात पक्षकार होत्या, त्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी ओळख मान्य केली. २०१९ च्या कायद्याने मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांवर समावेशक शिक्षणाचे बंधन घातले. आता बाकावर बसलेल्या तृतीयपंथी विद्यार्थ्याला इतिहासाच्या तासाला ताराबाईंसोबत लक्ष्मी यांचेही नाव ऐकू यावे.