रात्रीत उगवणारे गतिरोधक



महिन्यापूर्वी आमच्या फाट्यावर शाळेतून घरी येणाऱ्या एका मुलाला गाडीने उडवले. मुलगा वाचला, पण गाव हबकले. त्याच रात्री वर्गणी निघाली, दोन गोणी सिमेंट आले, कुणाच्या तरी बांधकामातली उरलेली खडी-वाळू आली आणि सकाळी रस्त्यावर गतिरोधक तयार! लोकांचा राग मला कळतो. चार वर्षे अर्ज देऊनही कोणी फिरकले नव्हते. तरीही हा उपाय घातक आहे, हे गावाची नाराजी पत्करून लिहितो आहे.

तो उंचवटा मी टेपने मोजला. उंची 20 सेंटीमीटर, रुंदी जेमतेम दीड फूट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद हवा, म्हणजे चाक सावकाश चढते, सावकाश उतरते. त्यावर पट्टे हवेत आणि 40 मीटर अलीकडे फलक. आमचा गतिरोधक म्हणजे रस्त्यात आडवा घातलेला बांधच. चौथ्या रात्री दुचाकीवर मागे बसलेली माझी चुलत बहीण त्यावरून उडून पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रियेला एक लाख चाळीस हजार लागले. ‘साडेतीन हजारात काम झाले’ असे सांगणारे हा आकडा धरत नाहीत. बाळंतपणाला निघालेल्या बाईची 108 रुग्णवाहिकाही याच रस्त्याने जाते. शिवाय गतिरोधकात पाण्याला वाट ठेवलेली नाही. पहिल्याच पावसात वरच्या अंगाला डबके साचले, डांबर सुटले आणि आता गतिरोधकाला लागून खड्डा आहे.

लोकांनी गप्प बसावे असे मी म्हणत नाही. वळणावरची वेडी बाभूळ तोडली तर समोरची गाडी पन्नास पावले आधी दिसेल. शाळा सुटताना दोघे जण शिट्टी घेऊन उभे राहू शकतात. पण चाकाखाली काही बांधायचे तर ते बांधकाम खात्यानेच, मापात बांधावे. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करा, खात्याच्या उपविभागाकडून पोच घ्या, पोलीस ठाण्याला प्रत द्या. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम 198-अ नुसार, रस्ता मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपणच घातलेल्या बांधावर कोणी पडले, तर जाब कुणाला विचारणार?

15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. तोवर अंधारात दिसावा म्हणून त्या उंचवट्यावर चुना मारतो. पावसाने तो धुतला जातो, की पुन्हा मारतो.

– एक शेतकरी वाचक, जुन्नर (पुणे)