घारीचं पिल्लू खाली पडलं तर

मार्च-एप्रिलमध्ये एखाद्या सकाळी सोसायटीच्या आवारात गलका होतो. झाडाखाली घारीचं पिल्लू बसलेलं असतं. वॉचमन काठी घेऊन कुत्र्यांना हाकलत असतो. मुलं मोबाइल काढतात. कुणीतरी दुधाची वाटी घेऊन येतं. हेतू सगळ्यांचा चांगलाच असतो. पण पिल्लाचं बरंवाईट बरेचदा त्या पहिल्या अर्ध्या तासातच ठरतं.

म्हणून आधी एवढंच करा. लगेच उचलू नका. चार पावलं मागं व्हा आणि नीट बघा.

अंगावर पिसं भरली आहेत का? पंख उघडझाप करतंय का? तुम्ही जवळ गेलात की उड्या मारत पळतंय का? वर मोठ्या घारी ओरडत घिरट्या घालताहेत का? तसं असेल, तर ते पिल्लू जखमी नाही. ते उडायला शिकतंय. दीड-दोन महिन्यांचं झालं की पिल्लू घरट्याबाहेर पडतं, आणि पहिल्या उडीत जमिनीवर येणं नवलाचं नाही. त्याला एखाद्या भिंतीवर, शेडच्या छपरावर किंवा खालच्या फांदीवर ठेवा. कुत्र्या-मांजरांना आवरा. मग तिथून निघून जा. आईबाप त्याला खायला आणून देतात, पण खाली माणसांचं कोंडाळं असेल तोवर ते उतरत नाहीत.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही. तेव्हा उंचावर ठेवायला घाबरू नका.

अंगावर नुसती लव असेल, तर गोष्ट वेगळी. ते फार लहान आहे. त्याला परत घरट्यातच जायला हवं. घरटंच मोडलं असेल, तर त्याच झाडावर टोपली बांधून त्यात पिल्लू ठेवता येतं, आणि आईबाप बहुतेक वेळा त्याला तिथंही भरवतात. मात्र हे काम जाणकारांचं. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी झाडावर चढायचं नाही.

आता खरंच जखमी पक्षी असेल तर. एक पंख लोंबतोय, रक्त आहे, मांजा गुंतलाय, किंवा हाक मारूनही हलत नाही. अशा वेळी जाडसर टॉवेल त्याच्या अंगावर टाका. डोकं झाकलं गेलं पाहिजे. अंधार झाला की पक्षी शांत होतो. पंख अंगाशी मिटून दोन्ही हातांनी उचला. चोचीपेक्षा पायांना जपा, घारीची नखं हातात रुततात. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनं कापड घालून ठेवा. लोखंडी पिंजरा नको, गजांवर आपटून पिसं तुटतात. मांजा गुंतला असेल तर लोंबणारी टोकं कापा. मांसात रुतलेला दोरा ओढू नका.

आणि ती दुधाची वाटी घरी परत न्या. दूध नको, पाव नको, बिस्किट नको. चोच उघडून पाणी तर अजिबात ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

मग १९२६ हा नंबर फिरवा. ही महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनी. जवळ कुठं उपचार होतात, ते तिथं विचारा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं उपचार केंद्र आहे. पुण्यामुंबईत वनविभागाबरोबर काम करणाऱ्या संस्था आहेत.

‘आम्हीच सांभाळतो, बरं झालं की सोडून देऊ,’ असं म्हणणारी मायाळू घरं असतात. त्यांना माझं थोडं कडक सांगणं आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हा पक्षी घरात ठेवता येत नाही, ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठी गोष्ट पुढं आहे. नुसत्या मांसाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या पिल्लाची हाडं पोचट होतात. आई उंदीर हाडांसकट भरवते, आपण बिनहाडाचं मटण देतो. आणि हातातून खायची सवय लागलेली घार सोडल्यावर माणसांच्याच अंगावर उतरते. तिला फक्त खायला हवं असतं. समोरच्याला तो हल्ला वाटतो, आणि तो काठी उचलतो.

एकदा पक्षी सोपवला की धीर धरा. हाड काही आठवड्यांत जुळतं, पण पिसांचं काय? उडायची मोठी पिसं तुटली असतील, तर नवी येईपर्यंत कित्येक महिने जातात. जाणकार लोक कधी कधी दुसऱ्या घारीचं गळलेलं पीस तुटक्या पिसाच्या देठात बसवतात. मला यातलं हे काम सगळ्यात सुंदर वाटतं. त्यानंतर मोठ्या जाळीच्या खोलीत उडण्याचा सराव. तेव्हा चौथ्या दिवशी ‘कधी सोडताय?’ म्हणून फोन नको. त्यापेक्षा जुनी वर्तमानपत्रं, टॉवेल, खोकी नेऊन द्या. आणि पक्षी नेमका कुठं सापडला, ते लिहून द्या. शक्यतो त्याला तिथंच सोडतात.

लोकांनी नजर ठेवण्याचाही किती उपयोग होतो, याचा दाखला अमेरिकेत आहे. बहिरी ससाणा तिथल्या पूर्व भागातून १९६०च्या दशकात नाहीसा झाला होता. डीडीटीमुळे अंड्यांचं कवच पातळ होऊन ती फुटत. १९७२ साली तिथं डीडीटीवर बंदी आली, माणसांनी वाढवलेली पिल्लं सोडली गेली, आणि १९९९ साली हा पक्षी धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून निघाला. आता तो तिथल्या उंच इमारतींवर आणि पुलांवर घरटी करतो. सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजेसारख्या शहरांत पिल्लं पहिल्यांदा उडतात, त्या दिवसांत साधे नागरिक खाली रस्त्यावर पहारा देतात. रस्त्यात पडलेलं पिल्लू उचलून, तपासून पुन्हा उंचावर ठेवलं जातं. हाच ससाणा हिवाळ्यात आपल्याकडेही येतो आणि शहरातली कबुतरं मारतो.

आपल्याला पहारा नाही, थोडी काळजी पुरे. संक्रांत झाली की गच्चीवरचा, झाडावरचा मांजा गोळा करा, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातली आहे, तो विकत आणूच नका. विष खाऊन मेलेला उंदीर उघड्यावर फेकू नका, तो घारीच्या पोटात जातो.

पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटायचं ठरलं, तर आधी वर बघायला सांगा. घरट्यात पिल्लं असतील तर तेवढ्या फांद्या थोडे आठवडे थांबू शकतात. सेक्रेटरींना तसं लेखी द्या.

याच दिवसांत वाळवणं घालायला गच्चीवर गेलं की घार मागून झेप घेते. बायामाणसं घाबरतात, आणि घरटं काढून टाका म्हणतात. काढू नका. छत्री उघडून जा, घरट्याकडचा कोपरा सोडून दुसरीकडे पापड घाला. पिल्लं उडाली की तिचं हे झेपावणं थांबतं.

आणि १९२६ हा नंबर आजच मोठ्या अक्षरात लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावा.