चेपॉक महाल: यादीतील नोंद आणि आगीचा धडा

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात समुद्रकिनाऱ्यालगत उभा असलेला चेपॉक महाल हा हिंदी-सारासेनिक वास्तुशैलीचा आरंभीचा नमुना मानला जातो. अर्काटचे नवाब मुहम्मद अली वालाजाह यांनी १७६८ मध्ये तो बांधला. कलस महाल आणि हुमायून महाल हे त्याचे दोन मुख्य भाग आहेत.

मराठी वाचकांना या वास्तूचा इतिहास परका नाही. याच नवाबाने १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेच्या साह्याने तंजावरचे मराठी राज्य ताब्यात घेतले. १७७६ मध्ये ते तुळजाराजांना परत मिळाले. पुढे १८५५ मध्ये अखेरचे नवाब आणि तंजावरचे दुसरे शिवाजीराजे हे दोघेही पुत्राविना निवर्तले आणि दोन्ही गाद्या कंपनीने खालसा केल्या. नवाबाचा महाल लिलावात निघाला व मद्रास सरकारने तो विकत घेतला. राजवाड्याचे सरकारी कचेरीत रूपांतर झाले.

या रूपांतरातच आजच्या प्रश्नाचे मूळ आहे. १६ जानेवारी २०१२ रोजी पहाटे कलस महालाला आग लागली. सागवानी तुळयांवर विटा व चुना यांनी तोललेले छत कोसळले आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाला प्राण गमवावे लागले. मद्रास उच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती पद्मनाभन समितीच्या वारसा-यादीत महालाचे नाव होते. मात्र जुन्या लाकडाखाली कागदपत्रे आणि विजेच्या तारा यांचा संसार थाटलेला असेल, तर यादी आग अडवू शकत नाही.

पुण्यातील शनिवारवाडा हा याचा बोलका दाखला आहे. १८२८ च्या आगीत आतील लाकडी वाडा भस्मसात झाला. उरले ते जोते, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा. आज दरवाजा संरक्षित आहे, परंतु तो ज्या घराचा होता ते घर नाही.

चेन्नईत तसे घडले नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने कलस महालाची पुनर्बांधणी केली आणि तेथे राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण विभागाला जागा देण्यात आली. अनेक वर्षे जीर्णावस्थेत असलेल्या हुमायून महालाचाही जीर्णोद्धार झाला. २०१२ मध्येच राज्याने वारसा आयोगाचा कायदा संमत केला. अंमलबजावणीला मात्र दीर्घ काळ लागला.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे कवच आहे. पण नगरांतील असंख्य ऐतिहासिक इमारती या कवचाबाहेर असून त्यांत दैनंदिन कामकाज चालते. वापर बंद केल्यास त्या ढासळतात, बेपर्वाईने वापरल्यास जळतात. म्हणूनच नियमित तपासणी, वीजजोडणीची देखभाल आणि त्यासाठी उत्तरदायी अधिकारी, या तीन गोष्टी यादीतील नोंदीइतक्याच आवश्यक ठरतात. त्यांची किंमत पुनर्बांधणीच्या खर्चापेक्षा निश्चितच कमी आहे. आणि गेलेला जीव तर कोणत्याही पुनर्बांधणीने परत येत नाही.