शिवणाचा तास कशाला?



रेडीमेड कपडे इतके स्वस्त झाले असता शिवणकामाचा तास कशाला, तो गणिताला द्यावा, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. हा विषय विश्वस्त मंडळापुढे येणार आहे. त्याआधी आम्ही आमचे मत येथे मांडतो.

मुळात हा तास गणिताचाच आहे. छाती 32 इंच असेल तर सदऱ्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे 8 इंच, त्यात सैलपणासाठी दीड इंच, शिवाय शिलाईसाठी जादा कापड. माप इंचात, कापड मीटरवर, आणि 36 इंची पन्ह्यात दोन्ही बाह्या बसवायच्या! वहीत खोडरबर चालते, कापडावर कात्री चालली की संपले. म्हणून तर आधी कापड बेतावे लागते. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले; हिंदीतही यासाठी 'ब्योंतना' हा शब्द आहे, पण तो आता फारसा कानी पडत नाही. दादरच्या झारापकरांनी हे बेतणे पुस्तकात मांडले आणि त्यावर कितीतरी भगिनी घरबसल्या शिवण शिकल्या. त्याच्याही आधी, 1909 मध्ये, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तेव्हा लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला शिवण होतेच.

आपल्या सिल्वासा परिसरात कृत्रिम धाग्याचे अनेक कारखाने आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल त्यावर पेटते. धागा येथे तयार होतो आणि गणवेशाचे तुटलेले बटण मात्र टेलरकडे जाते, हे आम्हाला पटत नाही.

हा तास फक्त मुलींना ठेवावा, ही दुसरी सूचनाही आम्हाला मान्य नाही. बाजारातले बहुतेक टेलर पुरुषच आहेत की! मुलगे सुरुवातीला लाजतात, पण पंधरवड्यात लाज जाते.

आठवड्याच्या दोन तासांत कोणी कारागीर होत नाही, हे खरे. परंतु धावदोरा, हेम, काज-बटण आणि साधा पायजमा एवढे वर्षभरात होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना हातच्या व्यवसायांची ओळख करून द्यावी, असे म्हटले आहे.

तेव्हा विश्वस्तांना विनंती, तास राहू द्यावा आणि बंद पडलेली पायमशीन दुरुस्त करून द्यावीत. पालकांनी जुन्या चादरी शाळेत पाठवाव्यात. पहिली कात्री नव्या कापडावर चालवू देणार नाही.