अंधांसाठी कलेचे तळे अजून कागदावरच!

रोडपालीत राहणाऱ्या एखाद्या अंध तरुणाने मुंबईतले कलाप्रदर्शन पाहायचे ठरवले, तर त्याने काय करावे? मानसरोवर स्टेशन गाठावे, हार्बर लोकलने तासाभराहून अधिक प्रवास करून सीएसएमटीला उतरावे, काळा घोडा परिसरातल्या दालनात शिरावे आणि तिथे काय ऐकावे, तर ‘हात लावू नका!’ ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी या तीन शब्दांचा अर्थ ‘तुझे इथे काम नाही’ एवढाच होतो. दारात त्याला कोणी अडवत नाही हे खरे. पण आत त्याच्यासाठी काही ठेवलेलेच नसेल तर दार उघडे असून उपयोग काय?

हा प्रश्न आंबेडकरी चळवळीला नवा नाही. ज्या रायगड जिल्ह्यात आपले रोडपाली आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले होते, पण आमच्या माणसांच्या ओंजळीत त्यातले थेंबभर पाणी येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाण्याला हात लावला, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. अस्पृश्यतेमागे द्वेष आणि हिंसा होती, अंधांच्या वाट्याला येते ती उपेक्षा. दोन्ही गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु कागदावरचा हक्क आणि हाताला लागणारा हक्क यातले अंतर आमच्याइतके कोणाला कळणार?

आज अंधांच्या बाबतीत हेच घडते आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याच्या कलम २९ मध्ये सरकारने आणि स्थानिक संस्थांनी दिव्यांगांसाठी कला सुलभ करावी, असे स्पष्ट लिहिले आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा संसदेने केलेला कायदा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुडी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावले की, सुगम्यतेचे नियम नुसते सल्लावजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात दृष्टिदोष असलेले सुमारे ५० लाख लोक आहेत, त्यातले साडेपाच लाखांहून अधिक महाराष्ट्रात. यांच्यापैकी किती जणांनी आजवर कलादालनाची पायरी चढली असेल?

यावर ठरलेला प्रश्न येतो, ‘अंधांना चित्रातले काय कळणार?’ शूद्रांना विद्या काय कळणार, असे विचारणाऱ्यांचाच हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जोतिबा-सावित्रीबाईंनी शाळा काढून दिले. याचे उत्तरही कृतीनेच मिळालेले आहे. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीनंतर पूर्ण गेली, तरी त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रे केली, भित्तिचित्रही उभे केले. मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम सुरू करून व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेतल्या मुलांच्या हाती कॅमेरा दिला. त्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने भरली, त्यात उठावाची चित्रे, ब्रेल मजकूर आणि ध्वनिवर्णन ठेवले गेले. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतले ब्रेल पाक्षिक सुरू केले. तेव्हा ‘कळणार काय’ हा प्रश्न अंधांना विचारू नका. ‘तुम्ही ठेवलेत काय’ हा प्रश्न आयोजकांना विचारा.

मूळ कलाकृतीला हजारो हात लागले तर ती झिजेल, हा आक्षेप मात्र खरा आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर हात फिरवा, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. त्यावर उपाय आहे प्रतिकृतीचा. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ हे दालन सुरू करून निवडक वस्तूंच्या प्रतिकृती हाताने पाहण्यासाठी मांडल्या. हे काम महागच असते असेही नाही. पनवेलच्या शेजारी पेण आहे. तिथल्या मूर्तिकारांचे हात माती आणि प्लास्टरमध्ये तयार झालेले आहेत. चित्रातल्या रेषा जाड दोऱ्याने उठावदार करता येतात. ब्रेल सर्वच अंधांना येत नाही, म्हातारपणी दृष्टी गेलेल्यांना तर क्वचितच. म्हणून चित्राचे वर्णन आवाजात हवे, ते साध्या मोबाइलवर ऐकवता येते. ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी मोठी ठळक अक्षरे आणि पुरेसा उजेड हवा. आणि सोबत फिरून सांगणारा, घाई न करणारा माणूस हवा.

सरकारला नावे बदलण्याची हौस मोठी. ‘विकलांग’चे ‘दिव्यांग’ झाले. ‘हरिजन’ या गोड शब्दाच्या निषेधार्थ १९३८ मध्ये मुंबई विधानसभेतून बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले होते, हे आम्ही विसरलेलो नाही. नाव दिव्य दिल्याने दालनातली चित्रे बोलू लागत नाहीत. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झाली, रोडपाली-कळंबोली तिच्या हद्दीत आली. स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा, असा शासनाचा आदेश आहे. त्यातला थोडा वाटा सुलभ प्रदर्शनांसाठी ठेवावा, आणि ज्या प्रदर्शनाला पालिका जागा वा अनुदान देते तिथे ही सोय सक्तीची करावी, अशी आमची मागणी आहे.

मागणी सरकारकडे करताना चळवळीनेही स्वतःपासून सुरुवात केली पाहिजे. १४ एप्रिलला वस्तीवस्तीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात बाबासाहेबांच्या जीवनावरची छायाचित्रे मांडली जातात. राज्यघटनेचा मसुदा डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हाती देतानाचे छायाचित्र आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. पण अंध भीमसैनिकाला ते कोण सांगणार? नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचा टाइपरायटर जपून ठेवला आहे. तो जपलाच पाहिजे. पण शेजारी दुसरा एक जुना टाइपरायटर ठेवला, तर अंध विद्यार्थ्याची बोटे त्या कळांवरून फिरतील आणि संग्रहालयातली ती वस्तू त्यालाही कळेल. विहारातल्या बुद्धमूर्तीची छोटी प्रतिकृती त्याच्या हाती देता येईल. यासाठी ना अनुदान लागते, ना कोणाची परवानगी.

शेवटच्या वर्षांत खुद्द बाबासाहेबांचीही दृष्टी अधू झाली होती, आणि त्याही अवस्थेत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ पुरा झाला. त्यांच्या अनुयायांनी भरवलेल्या प्रदर्शनातून एकही अंध माणूस रिकाम्या हाताने परतता कामा नये. येत्या जयंतीला रोडपालीतल्या, पनवेलमधल्या प्रत्येक मंडळाने निदान पाच चित्रे हाताने पाहता येतील आणि कानाने ऐकता येतील अशी मांडावीत. ती कशी मांडायची हे आधी परिसरातल्या अंध बांधवांनाच विचारावे, कारण त्यांच्या हक्काचा निर्णय त्यांना वगळून होऊ शकत नाही. महाडला आपण ठरावाची वाट पाहत बसलो नव्हतो. पाण्यापर्यंत चालत गेलो होतो.